तीन पेल्यांतला एक

१

पाणी चाखायची नोकरी असते, असं कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पगार मिळतो का? मिळतो. यंत्राला गंज कळतो, औषधाचं प्रमाण कळतं, पण हे पाणी घशाखाली उतरेल की नाही ते यंत्राला कळत नाही. त्याला माणसाचीच जीभ लागते. शहराच्या पाणी-केंद्रात ती जीभ एका बाईची होती. चाखायला तल्लख आणि बोलायला त्याहून तिखट, म्हणून सगळे तिला जीभबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे म्हटलं तरी तिला कळायचंच.

चाखणाऱ्यांनी सकाळी चहा घ्यायचा नाही, अत्तर लावायचं नाही, पेस्टने दात घासायचे नाहीत. कोरा पाव चावायचा, चूळ भरायची आणि आपापल्या खोलीत जाऊन बसायचं. खोली म्हणजे दार लावलेलं कपाटच. आत लाल दिवा, पाण्याचा रंग दिसू नये म्हणून. समोर फळी, शेजारी थुंकायचं बेसिन आणि फळीला लागून एक बुटकी झडप. झडप पलीकडून वर सरकते, ट्रे आत येतो, झडप पडते. ट्रेवर तीन पेले, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखून त्याचं बटण दाबायचं. ओळखू आला नाही तर चौथं बटण, ‘फरक नाही’. आणि चाखलेलं थुंकायचं, गिळायचं नाही.

त्या वर्षी केंद्राला एक खास काम आलं होतं. शहराचं तळं जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारची दगडाची खाण खोल खोल जात राहिली, तळ्याचे झरे तिकडे फुटले, आणि लोक म्हणाले तळं आटलं. जसं काही ते म्हातारं होऊन आपल्या मरणाने मेलं. मग तळ भरून काढून त्यावर इमारती उठवल्या आणि काठावरच्या लोकांना त्यांतच खोल्या दिल्या. जीभबाईच्या वडिलांची नाव ज्या पाण्यावर चालायची, तिथे आता तिची नि तिच्या आईची बाल्कनी होती.

खाण आणखी वाढवायची तर आधी एक प्रश्न निकालात काढायला हवा होता, की तळं गेल्याने लोकांचं नक्की काय गेलं? हवा मोजून झाली, पाखरं मोजून झाली. राहिलं पाणी. तळ्याचं जुनं पाणी बाटल्यांत सील करून ठेवलंय, ते आणि आत्ताचं नळाचं चाखणाऱ्यांपुढे ठेवायचं. फरक कळला नाही तर नुकसान शून्य.

“हे शास्त्र आहे, बाई,” साहेब म्हणाले. “इथे भावनेला जागा नाही.”

“जागा असेल कशी, साहेब? सगळी जागा इमारतींना गेली.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसला तो गोडबोल्या, तिच्या शेजारच्या खोलीत बसणारा चाखणारा. त्याला आयुष्यात एकही पाणी वाईट लागलं नव्हतं. अशी माणसं नोकरीत फार पुढे जातात.

२

घरी आई पाणी पीत नव्हती.

तिने उभं आयुष्य तळ्याच्या पायऱ्यांवर लोकांचे कपडे धुतले होते. साबण किती फेसाळतो त्यावरून ती पाण्याची तब्येत सांगायची. या इमारतीत आल्यापासून ती नळाचं पाणी पोटापुरतं, तोंड वाकडं करून प्यायची. मग अर्धा पेला. मग घोट. आणि आता घोटही तोंडात धरून ठेवायची नि परत पेल्यात सोडायची.

“हे पाणी नाही गं पोरी, पाण्याचं सोंग आहे.”

“सोंग तर सोंग, गीळ ना! जगातली माणसं पितायत.”

“मी कुठं नाही म्हणतेय? घसाच मिटतो त्याला मी काय करू?”

जीभबाईने पाणी उकळून पाहिलं, गार करून पाहिलं, साखर घालून, रागावून, रडून पाहिलं. आईची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. डॉक्टरांनी जिन्यात बोलावून सांगितलं, “सुया टोचून किती दिवस रेटणार? तोंडाने पाणी गेलं तर त्या जगतील. नाहीतर तुम्ही मनाची तयारी करा.” ती जिन्यातच बसून राहिली. तिच्या जिभेवर शहराचा भरवसा होता आणि तिच्या आईला तिच्या हातचं पाणी जात नव्हतं. असला राग कुणावर काढायचा तेच कळेना.

३

चाचणीच्या पहिल्या सकाळी झडप सरकली, ट्रे आला. पहिला पेला नळाचा. तिने चाखला, थुंकला. दुसरा तोंडात घेतला आणि तिचे हात फळीवर आपोआप आवळले गेले.

गार. किंचित शेवाळाचं. आणि अगदी शेवटी, जिभेच्या कडेला, उन्हात तापून भिजलेल्या दगडाची चव. वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून तिला पाण्यात ढकललं होतं तेव्हा नाकातोंडात गेलं होतं ते हेच. “सोडली बघ!” असं ते ओरडले होते, आणि डबा बांधलेली ती बुडायचं सोडून तरंगत हसत होती.

आणि जीभबाईने, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, घोट गिळला.

तिने दोनचं बटण दाबलं. उरलेला पेला ट्रेवर परत ठेवला नाही. झाकण लावून डब्याच्या पिशवीत उभा ठेवला आणि दिवसभर त्या पिशवीला कुणाचा धक्का लागू दिला नाही.

घरी आईने वास घेतला, पेला ओठांशी थांबवला, आणि मग ती एका दमात प्यायली.

“कुठून आणलंस?”

“ऑफिसातून. जुन्या बाटल्या आहेत म्हणे.”

“उद्या आणशील?”

जीभबाई मोरीत जाऊन रडून आली. परत येऊन तिने पेला उचलला तेव्हा खिडकीतल्या उजेडात तिला तो डाग दिसला. पेल्याच्या बाहेरून, ओल्या चिखलात उमटलेला एक अंगठा. लाल दिव्याखाली चिखल दिसत नाही, हे खरं. तिने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तिच्या अंगठ्याखाली तो डाग पुरता झाकला गेला, इतका लहान होता.

पलीकडच्या खोलीत पेले भरायला पेलेवाली मावशी असायची. तिचे पंजे परातीएवढे, आणि वर कायम रबरी हातमोजे. असेल कुणीतरी, जीभबाईने स्वतःला समजावलं. पेला आधीच मळका असेल. मग तिने तो घासूनपुसून ठेवला.

४

रोज एक पेला घरी येऊ लागला. कधी पहिला, कधी तिसरा, ती कधी चुकली नाही. आईच्या ओठांच्या चिरा मिटल्या. ती उशीला टेकून बसू लागली, मग खुर्चीत, मग शेजारणीच्या चुका काढू लागली, म्हणजे बरीच होऊ लागली.

आणि बोलू लागली. “तुझ्या बाबांच्या नावेला कुठला रंग होता, आठवतो?”

जीभबाईने सांगायला तोंड उघडलं आणि तिला रंगच सापडेना. निळा म्हणावं तर निळा नव्हे, आणि हिरवा म्हणायला धीर होईना. चाळिशी उलटली की होतं असं, ती म्हणाली. चाखणाऱ्याला हेही ठाऊक असतं की चव म्हणजे अर्धी आठवण असते. ज्याला आंबट वाटायचं असतं त्याला साखरही आंबट लागते. मनाचे खेळ. पण नावेचा रंग मनाने लपवून काय मिळवायचं होतं?

दुसऱ्या दिवशी तिला पायऱ्या आठवेनात. पायऱ्या होत्या हे माहीत होतं, जसं शाळेत शिकलेलं माहीत असतं. डोळे मिटले की काही दिसत नव्हतं.

ती साहेबांकडे गेली. “बाटल्या किती उरल्यात? आईसाठी एखादी मिळाली असती तर...”

साहेबांनी दार लावलं. भल्या माणसासारखं वागायचं असलं की ते दार लावायचे.

“बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? बाटल्या नाहीत. कपाट हलवताना सगळ्या फुटल्या, चाचणीच्या कितीतरी आधी. तिन्ही पेले नळाचेच असतात.”

“तिन्ही?”

“वरच्यांना ‘फरक नाही’ असंच कळवायचंय. तुम्ही कुठलंही बटण दाबा, उत्तर अंदाजपंचेच यायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

साहेब गाल फुगवून हसले. एरवी जीभबाईने त्यांना सोलून काढलं असतं. तळं मारलंत ते मारलंत, त्याच्या नावाचं पाणीही खोटं? हे सगळं तिच्या ओठांवर होतं. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते साहेबांच्या लबाडीने नव्हे. आडात नव्हतं. आणि पोहऱ्यात तर रोज येत होतं.

५

ती कामावर जायचीच थांबली. ताप आलाय असं कळवलं. घरी नळ सोडला, पेला भरला, आईपुढे धरला. आईने तोंडात घेतलं, धरलं, परत पेल्यात सोडलं, आणि अपराध्यासारखी हसली. तिसऱ्या सकाळी आईला उठवताना तिचा हात जीभबाईच्या हातातून कोरड्या कागदासारखा निसटला. जीभबाईने चप्पल घातली आणि केंद्राकडे निघाली.

लाल दिव्याखाली बसून तिने ऐकलं. शेजारून गोडबोल्याची चूळ, वरच्या नळीतला हवेचा आवाज. आणि झडपेच्या मागे, अगदी जवळ, पाणी कशालातरी हलकेच लागत असल्याचा आवाज. इतके दिवस तो होताच, असं तिच्या लक्षात आलं. तिने तो बेसिनच्या नळाचा समजला होता.

झडप सरकली. ट्रे आला. त्यावर अजून दोनच पेले होते. यावेळी झडप पडायच्या आत तिने तिच्याखाली हात घातला आणि गाल फळीला टेकवून पलीकडे पाहिलं.

पलीकडे तयारीची खोली असायला हवी होती. ट्यूबलाइट, स्टीलचं टेबल, हातमोजे घातलेली मावशी. त्याऐवजी तिथे ढगाळ दुपारचा असतो तसा उजेड होता आणि झडपेच्या लगेच खाली पाणी होतं, लांबवर. त्या पाण्यात कमरेपर्यंत बुडून एक मूल उभं होतं. झडप बुटकी, त्यामुळे खांद्यांच्या वरचं काही दिसत नव्हतं. अंगाला चिकटलेला ओला फ्रॉक दिसत होता, पाठीला बांधलेला डबा दिसत होता आणि पोटावर आलेली दोरीची गाठ. ती तसली दुहेरी गाठ नाववालेच मारतात. चिखलाने माखलेला एक लहान हात पेला तिरका धरून बुडवत होता, वरचा पाला आत येऊ नये म्हणून. तसा पेला बुडवायला आईने शिकवलं होतं. ते शिकवताना आईचा हात हातावर होता, त्याचा ओला भार जीभबाईला त्या क्षणी आठवला. मुलाने पेला वर काढून ट्रेवर ठेवला, आणि तो भार तिच्या आठवणीतून गेला. जात असताना तिला कळला.

पाण्याच्या बरीच वर, मुलाच्या फ्रॉकवर, आधीच्या पातळीची एक ओली रेघ होती. ती पार काखेशी होती.

तिने हात काढून घेतला. झडप पडली. समोर तीन पेले होते आणि कुठला उचलायचा हे तिला न चाखताच कळत होतं. उचलला नाही तर? तर तळं तिच्याजवळ राहील, आणि आई जाईल. तिने फार वेळ घेतला असं नाही. आठवणींचं काय लोणचं घालायचंय, ती स्वतःशी म्हणाली, कडू तोंडाने. आई जगली पाहिजे. आणि झाकण लावून पेला पिशवीत ठेवला.

मग ती रोज वाकून पाहत राहिली, जखमेवरची खपली पाहावी तशी. पाणी गुडघ्यांवर आलं. पिंढऱ्यांवर आलं. उघड्या पडलेल्या गुडघ्यावर एक जखम होती, आणि तशीच, तिथेच, एक जुनी खूण जीभबाईच्या गुडघ्यावर होती. ती कशाने झाली हे तिला सांगता आलं नसतं. मग घोटे. मग मूल चिखलात ओणवं बसून पेल्याने खरवडताना दिसलं. खरवडण्याचा आवाज तिला घरीही ऐकू यायचा, भांडी घासताना, केस विंचरताना.

वस्तू हरवली तर तिची रिकामी जागा तरी दिसते. जीभबाईला जागाही सापडत नव्हती. तिला पोहता येतं हे ठाऊक होतं. कुणी शिकवलं, कुठे, तेवढं नव्हतं. आणि हळूहळू ते नसल्याचं तिला काही वाटेनासं झालं.

आईला मात्र सगळं आठवत होतं, आणि मुलगी हल्ली नुसती हं-हं करते एवढं तिला कळत होतं. कामाने थकते बिचारी, असं ती शेजारणीला म्हणाली.

६

शेवटच्या चाचणीच्या सकाळी जीभबाईने पाव चावला, चूळ भरली, खोलीत बसली. झडप सरकली. ती वाकली नाही. वाकून पाहायची आपल्याला सवय होती हे तिला आठवलं नाही. पहिला पेला चाखला, थुंकला. दुसरा, थुंकला. तिसरा. पुन्हा एकदा तिन्ही, कारण ती कामात चोख होती. मग तिने अगदी स्वच्छ मनाने चौथं बटण दाबलं.

दुपारी साहेबांनी केक कापला. “नुकसान शून्य!” ते म्हणाले. “आणि आमच्या जीभबाईंनी सांगितलंय, म्हणजे शंकाच नको.” गोडबोल्याने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिच्याकडे जरा चोरट्या नजरेने पाहिलं, ती काहीतरी झोंबणारं बोलेल म्हणून. ती केकवरचं क्रीम खात होती. बाहेर खाणीत सुरुंग उडाला, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि कुणी मान वळवली नाही.

ती लवकर घरी आली, रिकाम्या हाताने. आई खुर्चीत बसली होती. गालांवर मांस आलं होतं, डोळे ओले नि जिवंत होते. कालचा पेला तिने अर्धाच प्यायला होता. तळाशी गाळ बसलेला तो अर्धा तिने आजसाठी राखून ठेवला होता आणि हातात घेऊन बसली होती.

“आज काय झालं माहितेय?” आई खुशीत म्हणाली. “सकाळी खिडकीतून वारं आलं, आणि वाटलं, बाहेर तळंच आहे. तुझे बाबा आता हाक मारतील.”

“कुठलं तळं?”

आई हसली. पोरगी पहिल्यापासून फिरकी घेणारी. “जा गं, खट्याळ. म्हणे कुठलं तळं!”

“नाही, खरंच विचारतेय, आई. कुठलं? तुम्ही राहायचात तिथलं का?”

आईचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडे, मग पुन्हा मुलीकडे. पाण्याची तब्येत फेसावरून ओळखणारी बाई होती ती. आपण इतके दिवस काय प्यायलो हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

“इकडे ये,” ती म्हणाली. “हे पी.”

“तुझं आहे ते.”

“पी म्हणते ना! सगळं पी. गाळासकट पी.”

इतक्या जोरात आई कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. जीभबाईने तिचं मन मोडायला नको म्हणून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. आई खुर्चीच्या टोकाशी आली होती. मुलीचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

“आलं का काही? पोरी, आलं का?”

जीभबाईने ओठ पुसले. “गढूळ आहे जरा. पाइप खराब झाला असेल, मी कळवते उद्या.” मग तिला आईच्या चेहऱ्याचं वाईट वाटलं. “तुला तहान लागलीये का? आणू दुसरं?”

आईने मुलीचा हात सोडला.

“आण,” ती म्हणाली.

जीभबाईने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, पेला विसळला, काठोकाठ भरला. आईने तो घेतला आणि प्यायली. तोंड वाकडं केलं नाही, मध्ये थांबली नाही, घोटामागून घोट घशाखाली ढकलत तळापर्यंत प्यायली आणि रिकामा पेला पुढे केला.

“बघ!” जीभबाईला इतका आनंद झाला की तिने टाळीच वाजवली. “काय होतंय गिळायला? उगाच हट्ट करत होतीस.”

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठसका लागला असेल, असं वाटून जीभबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.